उभी गाडी, आडवी बॅटरी

पुणे-सोलापूर रस्ता पाटसवरून जातो आणि दिवसरात्र जातो. त्यावरून पळणाऱ्या प्रत्येक गाडीची टोलनाक्यावर नोंद होते, तिचा हिशेब लागतो, ती कुठं आदळली तर पेपरात फोटो येतो. पण याच रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर पत्र्याच्या शेडमध्ये, लिंबाखाली, बंगल्याच्या पोर्चमध्ये ज्या गाड्या नुसत्या उभ्या आहेत, त्यांची दखल कोणी घेत नाही. त्यांची खडान्‌खडा माहिती गावात एकाच माणसाकडे असते आणि तो म्हणजे बॅटरीवाला. कोणाच्या दारातली गाडी कधीपासून हललेली नाही, हे तो घरच्यांपेक्षा नेमकं सांगतो. तलाठ्यालाही इतका तपशील ठाऊक नसतो.

आमच्या भागात गाडी दारात येते कशी, ते आधी सांगितलं पाहिजे. कधी उसाचं बिल बऱ्यापैकी पडतं. कधी रस्त्याच्या रुंदीकरणात बांधाकडची पट्टी जाते आणि मोबदला खात्यावर येतो. कधी कुरकुंभच्या एमआयडीसीत पोरगा चिकटतो. आणि कधी यातलं काहीच झालेलं नसतं, फक्त त्या पोराचं लग्न जमवायचं असतं. पाहुणे पोहे खाताखाता अंगणाकडे नजर टाकतात, तेव्हा तिथं चार चाकं दिसावी लागतात. ती फिरतात का, असं विचारायची रीत नाही. रोजची कामं मोटारसायकलवर होतात. डेअरीला मोटारसायकल, रानात मोटारसायकल, दौंडला मोटारसायकल. पुण्याला जायचं तर रेल्वे आहे, तिला ना टोल ना पार्किंग. मग गाडी कशाला? तर "अडीनडीला असावी." हे वाक्य गाडी घेताना घरातला प्रत्येक जण एकदा तरी म्हणतो. अडनड मात्र बॅटरी उतरायची वाट बघून मगच येते.

लग्नसराईत या गाड्यांना उसंत नसते. चैत्र-वैशाखात एकेका दिवशी तीन-तीन अक्षता गाठायच्या असतात. सकाळी केडगाव, दुपारी कुरकुंभ, संध्याकाळी बारामतीच्या अलीकडचं एखादं मंगल कार्यालय, आणि प्रत्येक ठिकाणी हळद वेगळी, वरात वेगळी. बॅटरी त्या दिवसांत पैलवानासारखी तुकतुकीत असते. मग जून उजाडतो. तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम आटोपून पाटसला येते, विसावते आणि रोटी घाटाकडे वळते. त्या चढाला रथाला जादा बैलजोड्या जुंपायची जुनी चाल आहे, आणि ते पाहायला सगळं गाव लोटतं. गाड्या त्या दिवशी घरातच, कारण रस्ते वारकऱ्यांचे. पालखी पुढं जाते, आषाढी एकादशी होते, देव झोपतात, मुहूर्त संपतात. गाडीवर कव्हर चढतं ते, दसऱ्याची पूजा सोडली तर, थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. मधले चार महिने कव्हरखाली मांजर वितं, टपावर घेवड्याचा वेल चढतो आणि बॅटरी हळूहळू प्राण सोडते. (निवडणूक लागली, तर गोष्ट वेगळी. आचारसंहिता जाहीर झाल्याबरोबर गावातल्या यच्चयावत बॅटऱ्या कशा चार्ज होतात, हे शास्त्राला न सुटलेलं कोडं आहे.)

गाडी बंद करून, किल्ली खिळ्याला टांगून, दार लावून माणूस घरात गेला की त्याला वाटतं, आता गाडीचा खर्च थांबला. आमच्याकडे बैल दावणीला उभा असला तरी वैरण खातो, हे चार वर्षांच्या पोरालाही कळतं. कामाला नाही म्हणून चार दिवस चारा टाकला नाही, असं कोणी करत नाही. केलं तर शेजारची म्हातारीसुद्धा शिव्या घालते. गाडीचंही तेच आहे, फक्त तिला हंबरता येत नाही.

बंद गाडीत घड्याळ चालू असतं. मालक रिमोटचं बटण कधी दाबतोय, म्हणून एक भाग रात्रंदिवस कान देऊन बसलेला असतो. चोराची भीती म्हणून अलार्म जागा असतो. गाण्यांच्या डब्याला शेवटचं स्टेशन लक्षात ठेवायचं असतं. शिवाय मालकाने हौसेने जीपीएस बसवला असेल, तर तो 'गाडी आहे तिथंच आहे' ही बातमी अखंड कळवत राहतो, आणि ही बातमी कळवायला लागणारी वीज त्याच बॅटरीतून जाते. हे सगळं मिळून फार नसतं. चांगल्या गाडीत तीसेक मिलिअँपिअर, म्हणजे काहीच नाही. पण दिवसाचे चोवीस तास धरले, तर पाऊण अँपिअर-तासाला थोडंसं कमी. लहान गाडीची बॅटरी पस्तीस अँपिअर-तासांची. भागाकार ज्याने त्याने करावा, पन्नास दिवसही निघत नाहीत. आणि पस्तीसातला शेवटचा थेंब संपेपर्यंत गाडी सुरू होते असं नाही. अर्ध्याच्या खाली गेलं की तिची कुरकुर सुरू होते. त्यात बॅटरी स्वतःच्या पोटातही थोडी झिजतच असते, आणि उन्हाळ्यात जास्त. थंड मुलुखात बर्फामुळे सकाळी गाड्या अडतात. आमच्याकडे दौंड तालुक्यातलं मे महिन्याचं ऊन बॅटरीचं आयुष्य आतून खातं, आणि पाप पावसाळ्याच्या नावावर जमा होतं.

बॅटरीत काय असतं? शिशाच्या प्लेटी आणि पातळ केलेलं गंधकाचं आम्ल. गास्तों प्लान्ते नावाच्या फ्रेंच माणसाने 1859 साली ही जोडी जमवली. तेव्हा मोटारगाडी जन्मायची होती, त्यामुळे ती दारात उभी राहील ही धास्ती त्याला नव्हती. दीडशे वर्षं उलटून गेली तरी आपल्या बॉनेटखाली मुळात तोच संसार चालू आहे. वीज वापरली की प्लेटींवर पांढरट थर बसतो, चार्ज केली की निघतो. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडली तर तो थर घट्ट खड्यांचा होतो आणि मग काही केल्या हटत नाही. बॅटरीवाला याला "प्लेटी धरल्या" म्हणतो आणि असा चेहरा करतो, की समोरच्याने पाकीट काढलंच पाहिजे.

या सगळ्याचा निकाल लागतो दसऱ्याला. आषाढापासून मांडलेला खेळ अश्विनात उधळतो, तोही सगळ्या आळीदेखत.

सकाळी मोटर लावून पाइपाने गाडी धुतात. मांजर पिलांसह स्थलांतर करतं. झेंडूची माळ पुढं, एक मागं, बॉनेटवर स्वस्तिक, काचेवर हळदीकुंकू, बंपरला उसाची दोन वाढी. घरच्या वहिनी ताट घेऊन येतात, आरती ओवाळतात, गाडीचे मालक आबा नारळ फोडतात. मग चार चाकांखाली चार लिंबं ठेवली जातात. लिंबं ठेवली, म्हणजे ती चिरडली गेलीच पाहिजेत. तशीच राहिली तर केलेली पूजा फुकट. आबा टोपी सारखी करून आत बसतात, बाप्पाला हात जोडतात आणि किल्ली फिरवतात.

टक.

"काय झालं वो?" वहिनी विचारतात.

"कुठं काय? थंड हाय. पुन्हा मारतो."

टकटकटकटक. मीटरवरचे सगळे दिवे एकदम लागतात, मंद होतात आणि विझतात. गाण्यांच्या डब्यातून अर्धा शब्द बाहेर येतो. मग सगळं शांत. आता अंगणात जमलेल्या प्रत्येकाला सल्ला सुचतो. "सेल्फ गेला." "सेल्फ नाय, टर्मिनल ढिल्लं असंल." "आबा, क्लच दाबून मारा." "डिझेल हाय ना?" "अवो, पेट्रोलची गाडी हाय ती." कोणीतरी मल्टिमीटर आणतं. बॅटरीच्या दोन टोकांना लावतं आणि जाहीर करतं, "बारा दाखवतंय! फुल हाय की!" बारा व्होल्टच्या बॅटरीत बारा दिसले म्हणजे सगळं आलबेल, असं वाटणं साहजिक आहे. पण भरलेली बॅटरी बारा पॉइंट सहा दाखवते. नुसते बारा म्हणजे तीन चतुर्थांशाच्या आसपास माल खपलेला असतो. बॅटरीचे बारा वाजले, हे इथं अक्षरशः खरं असतं.

शेवटी लिंबांचा प्रश्न उरतोच. मग आळीतली पोरं मागून खांदा लावतात, आबा स्टिअरिंग धरतात, गाडी ढकलून चारही लिंबं रीतसर चिरडली जातात, आणि मंडळी सोनं लुटायला निघतात. कशावर? मोटारसायकलवर.

धक्का हा उपाय मुळात आमच्या रक्तातला. ज्या पिढीने उतारावर लावलेली एसटी पाहिली आहे, तिला याचं काही वाटत नाही. मुक्कामी एसटीचा ड्रायव्हर संध्याकाळी गावात शिरताना देवळापेक्षा आधी उतार शोधायचा. उतार नसला, तर सकाळी तिकीट काढलेले लोकच तिला ढकलायचे. त्याही आधी हँडल होतं, पुढून घालून गरागरा फिरवायचं. इंजिनाने उलटा झटका मारला की मनगट कामातून जायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने विजेचा सेल्फ स्टार्टर काढला आणि 1912 सालच्या कॅडिलॅकपासून किल्लीवर, नाहीतर बटणावर गाडी सुरू व्हायचा जमाना आला. मनगटं वाचली आणि सगळा भार बॅटरीवर पडला. आता तर धक्क्याचाही मार्ग खुंटला. ऑटोमॅटिक गाडीला आळीतल्या सगळ्या पोरांनी ढकललं तरी इंजिन उठत नाही, आणि गिअर 'पार्क'मध्ये अडकला असेल तर ती जागची हलतही नाही. साध्या गिअरच्या गाडीतसुद्धा बॅटरीत निदान पंप चालण्याइतकी धुगधुगी हवी, मग दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला तर जमतं. पूर्ण गेलेल्या बॅटरीपुढं धक्का म्हणजे निव्वळ व्यायाम.

नव्या गाड्यांनी आणखी एक गंमत करून ठेवली आहे. बॅटरी उतरली की रिमोट चालत नाही. दार उघडत नाही. बॉनेट उघडायचा खटका दाराच्या आत. बॅटरी बॉनेटच्या आत. म्हणजे बॅटरी चार्ज करायला बॅटरी चार्ज असावी लागते. रिमोटच्या पोटात एक छोटी लोखंडी किल्ली असते आणि ड्रायव्हरच्या दाराला एक भोक असतं, ही माहिती कंपनीने पुस्तकात छापलेली असते. पुस्तक गाडीच्या कप्प्यात असतं.

बॅटरी कशी राखावी, याबद्दल गावात पंथ आहेत. सगळ्यात मोठा पंथ 'रोज सकाळी सेल्फ मारणाऱ्यांचा'. आंघोळ झाली, सूर्याला पाणी दिलं, तुळशीला दिलं, की हे गाडीत बसून सेल्फ मारतात. गाडी घुर्र करते. पाच मिनिटं एसी लावून, गाणी ऐकून, समाधानाने बंद करतात. यात इंजिनाला फक्त खोकला येतो. सेल्फला एका दमात शंभर-दीडशे अँपिअर लागतात. ते काही सेकंदांपुरतेच असतात म्हणून त्यांची भरपाई लवकर होईलही, पण आधीच अर्धी झालेली बॅटरी उभ्याउभ्या पाच मिनिटांत भरत नाही, आणि एसी-गाण्यांनी वाटेतच हात मारलेला असतो. बॅटरीला रस्ता लागतो. निदान अर्धा-पाऊण तास, तोही धावता.

दुसरा पंथ काळ्या वायरवाल्यांचा. महिनाभर गाडी लागणार नसेल, तर बॅटरीची काळी वायर काढून ठेवायची. घड्याळ, अलार्म, जीपीएस सगळे उपाशी. उपाय शंभर नंबरी आहे. आधी काळी काढायची, लावताना ती शेवटी लावायची, म्हणजे पाना बॉडीला लागून ठिणगी उडत नाही. अडचण एवढीच की तो नट सोडवायला दहा नंबरचा पाना लागतो. आठचा सापडतो, बाराचा सापडतो, तेराचे दोन सापडतात. दहाचा कुठल्याच घरात नसतो. तो शेजाऱ्याकडे आहे असं सगळ्यांना वाटतं, आणि शेजाऱ्यालाही तसंच वाटत असतं.

पुण्यातला भाचा गणपतीत येतो तेव्हा तिसऱ्या पंथाचा प्रचार करतो. एक डबी भिंतीतल्या पिनेला लावायची, चिमटे बॅटरीला, आणि सोडून द्यायचं; भरली की डबी आपोआप हात आखडता घेते. हजार-दीड हजारात येते. यंत्र उत्तम आहे. पण भाचा पुण्याच्या विजेच्या भरवशावर बोलतो. आमच्याकडे शेतीच्या पंपाची वीज एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री अशी पाळीने यायची सवय. घरची सिंगल फेजसुद्धा पावसाचे चार थेंब पडले की रुसते. वीज आली की आधी मोबाईल, मग मिक्सर, मग पाण्याची मोटर. गाडीचा नंबर येईतो वीज पुन्हा गेलेली असते.

यावर खरा रामबाण म्हणजे ट्रॅक्टर. त्याची बॅटरी लहान गाडीच्या दुपटीहून मोठी, आणि ती सहसा बसत नाही, कारण ट्रॅक्टरला चातुर्मास नसतो. या बॅटरीने गावाला फार दिलं आहे. 1987-88 मध्ये रविवारी सकाळी रामायण लागायचं आणि नेमकी वीज जायची, तेव्हा ट्रॅक्टरची बॅटरी ओट्यावर आणून छोट्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीला जोडली जायची. समोर चपला काढून बसलेले लोक, टीव्हीला हार, आणि हनुमान समुद्र उल्लंघतोय तो ट्रॅक्टरच्या जिवावर. आज तीच बॅटरी रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनला जाते, आणि अधूनमधून आबांच्या गाडीला जीवदान देते. लाल लालला, मग चांगल्या बॅटरीच्या काळ्याला काळी, आणि त्या काळीचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या कोऱ्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. कारण बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीला चटकन पेटतो. हा क्रम सगळ्यांना पाठ असतो. वाद होतो तो धुळीने दोन्ही वायरी एकाच रंगाच्या झालेल्या असतात तेव्हा, आणि मोबाईलचा उजेड धरणारा प्रत्येक जण वेगळ्या वायरीवर धरतो. उलटं लागलं, तर फ्यूज जातात, कधी गाडीचा मेंदूही जातो. मग मात्र ट्रॅक्टरवाला हळूच ट्रॅक्टर काढून घेतो आणि त्याला एकदम रानातलं काम आठवतं.

या सगळ्या पंथांची एकत्र परीक्षा झाली 2020 साली. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली आणि देशभरच्या गाड्यांना एकाच दिवशी चातुर्मास लागला. राष्ट्रीय महामार्गांवरची टोलवसुलीसुद्धा 20 एप्रिलपर्यंत थांबवली होती. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली, तो क्षण आला: नाका उघडा, रस्ता मोकळा, टोल माफ! आणि दारातून बाहेर पडायची बंदी. बाहेर पडायची परवानगी आली तेव्हा गाड्या टक करून थांबल्या. मे-जूनमध्ये बॅटरीवाल्याने मास्क लावून घरोघरी फिरून जो धंदा केला, त्यावर त्याचं दुकान पत्र्याचं होतं ते स्लॅबचं झालं, असं लोक म्हणतात. लोक काहीही म्हणतात. पण स्लॅब आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये फास्टॅगचा वार्षिक पास निघाला. निघाला तेव्हा तीन हजार रुपये, वर्ष किंवा दोनशे फेऱ्या, जे आधी संपेल ते. आमच्या आळीत ज्यांनी हौसेने काढला, त्यांच्यात वर्ष आधी संपेल की फेऱ्या, यावर पैज लावायला कोणी तयार नाही. गंमत म्हणजे काचेवरच्या त्या फास्टॅगच्या चिकटपट्टीत बॅटरी नसतेच. नाक्यावरच्या यंत्राच्या लहरींतूनच ती आपल्यापुरती वीज घेते. अख्ख्या गाडीत उसनवारीवर जगायला शिकलेला तोच एक भाग.

माझ्या मते या प्रश्नाचं उत्तर ना भाच्याच्या डबीत आहे ना पान्यात, ते कालनिर्णयात आहे. तीस मिलिअँपिअरच्या हिशेबाने महिन्याला एकवीस-बावीस अँपिअर-तास जातात. म्हणजे नुसती संकष्टी पाळून भागत नाही, महिना फार होतो. पंधरवड्याला मात्र दहा-अकरा जातात, तेवढे बॅटरी सोसते. आणि पंधरवड्याला न चुकता काय येतं? एकादशी. दर एकादशीला गाडी काढायची आणि देवाला जायचं. पाटसची जागा यासाठी जणू नेमूनच दिलेली आहे. दौंडवरून सिद्धटेक, चौफुल्यावरून मोरगाव, सोलापूर रस्त्याने उलटं गेलं तर थेऊर. सगळी अंतरं बॅटरी भरायला बेताची. एकादशीला गणपतीला कसं जायचं, ही शंका वारकरी घरांत निघेल. त्यांनी बारामतीपर्यंत जाऊन विठ्ठलाच्या देवळात माथा टेकवावा आणि यावं. एसी बंद ठेवला तर उपासाला आणखी जोर येतो. चातुर्मासात लोक एवढे नेम धरतात, कांदा सोडतात, वांगं सोडतात; त्यात हा एक.

हा नेम मी आबांना समजावून सांगितला. त्यांना पटलाही. पण त्यांची बॅटरी तोवर या सगळ्याच्या पलीकडे गेली होती. नवी घ्यायला आम्ही दुकानात गेलो. वर्षभर जिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं, त्या जुन्या बॅटरीला आता एकदम भाव आला, कारण बॅटरीत निम्म्याहून जास्त वजन शिशाचं असतं आणि शिसं परत वितळवून वापरता येतं. सहसा जुनी परत घेऊनच नवी देतात, आणि जुनीचे पैसे वजनावर वळते होतात. दुकानदाराने ती काट्यावर ठेवली.

आबांनी उभं आयुष्य कारखान्यांच्या काट्यांवर उसाच्या ट्रॉल्या मोजून घेण्यात घालवलेलं. ते पुढं झाले, काट्याखाली वाकून पाहिलं, बाजूला टेकलेली दुकानदाराच्या पोराची चप्पल पायाने सरकवली.

"आधी रिकामा काटा दाखव."

दुकानदाराने बॅटरी उतरवून शून्य दाखवलं, पुन्हा चढवली आणि म्हणाला, "आबा, ह्यातून पाण्याचं वजन जाईल. आम्ही शिशाचे पैसे देतो, पाण्याचे नाही."

"का जाईल? नवी बॅटरी देताना पाण्यासकट पैसे घेतोस ना?"

"ती नवी हाय आबा."

"मग असं कर," आबा म्हणाले आणि त्यांनी खुर्ची ओढली, "नवीबी काट्यावर ठेव."